पिवळी न दिसणारी कावीळ

कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते, ही म्हण पूर्वग्रहाने बोलणाऱ्या माणसाला उद्देशून आपण सर्रास वापरतो. खरे पाहिले तर ही म्हण उलटी आहे. काविळीच्या रोग्याला जग पूर्वी दिसत होते तसेच दिसते. पिवळे दिसतात ते त्याचे डोळे, आणि तेही इतरांना. म्हण वैद्यकशास्त्राला धरून नाही म्हणून भाषेचे काही बिघडत नाही. परंतु ‘कावीळ’ या शब्दाने मात्र आपल्या जिल्ह्यातील माणसांचे पुष्कळ बिघडवले आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ते मांडण्यासाठीच वार्षिकांकाच्या संपादक मंडळाकडे मी ही चार पाने मागून घेतली.

मी बी. ए. तृतीय वर्षाची, मराठी वाङ्मय विषयाची विद्यार्थिनी. रोगराईवर लिहिण्याचा अधिकार हिला कोणी दिला, असे कोणी विचारील. माझे उत्तर सोपे आहे. शब्दाचा अर्थ तपासून पाहणे हे आमच्याच विषयाचे काम होय. आणि येथे सारा घोटाळा शब्दातच आहे.

कावीळ हे रोगाचे नाव नाही, ते खुणेचे नाव आहे. ताप म्हणजे जसा एक रोग नव्हे, तसेच हे. रक्तातील जुन्या तांबड्या पेशी मोडतात तेव्हा त्यांतून एक पिवळे द्रव्य निघते, ते यकृत गाळून पित्तावाटे बाहेर टाकते. यकृत थकले, पित्ताची वाट खड्याने अडली किंवा पेशीच प्रमाणाबाहेर मोडू लागल्या, की ते द्रव्य अंगात साचते आणि डोळे पिवळे होतात. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत, त्यांचेही डोळे पिवळसर दिसतात. त्यांच्या यकृताला काही झालेले असतेच असे नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची कावीळ निराळी, दारू पिणाऱ्याची निराळी. यकृताला सूज आणणारे विषाणूही एक नव्हेत, पाच आहेत. त्यांपैकी ए आणि ई हे घाण पाण्यातून आणि अन्नातून येतात. पावसाळ्यात गावातली नळाची पाइपलाइन नालीतून गेलेली असली आणि फुटली, की वस्तीभर जी कावीळ पसरते ती यांची. बी आणि सी यांचा पाण्याशी काही संबंध नाही. ते रक्तातून येतात. डी हा बी च्या पाठीवर बसूनच येतो. या साऱ्यांना आपण एकाच नावाने हाक मारतो आणि एकाच माणसाकडे औषधाला जातो.

तो माणूस कोण, हे येथील वाचकाला सांगावे लागू नये. आपल्या प्रत्येक तालुक्यात काविळीचे औषध देणारा एक तरी प्रसिद्ध इसम असतो. रविवारी किंवा बुधवारी त्याच्या दारात रांग लागते. कोणी नाकात थेंब टाकतो, कोणी काड्यांची माळ गळ्यात घालतो, कोणी हात धुऊन देतो. यांतील दोन प्रकारांची उकल मला इथे करावीशी वाटते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे प्रयोग व्यासपीठावर करून दाखवीत आले आहेत. पण शहरातील सभागृहात दाखवलेली गोष्ट आमच्या खेड्यापर्यंत पोहोचतेच असे नाही.

माळेचा प्रकार असा. ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या फासांत एकाला एक बांधून डोक्यात जेमतेम जाईल अशी माळ करतात. ‘जसजशी कावीळ उतरेल तसतशी माळ लांबेल,’ असे सांगतात. आणि माळ खरोखरच लांबते! पहिल्या दिवशी गळ्याशी असते, आठव्या दिवशी छातीवर येते, मग पोटावर. घरातील म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत आनंदाश्रू उभे राहतात. होते ते एवढेच, की काड्या वाळून बारीक होतात, फास सैल पडतात आणि दोरा मोकळा होत जातो. ती माळ खुंटीला टांगली तरी लांबणारच. खुंटीला कोठे कावीळ झालेली असते? हात धुण्याचा प्रकार याहून नाट्यमय. रोग्याच्या हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळतात आणि मग चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतात. पाणी पिवळेजर्द होते. ‘पाहा, निघाली कावीळ!’ निरोगी माणसाने तसेच हात धुतले तर तेही पाणी पिवळे होते, कारण तो सालीचा आणि चुन्याचा गुण आहे.

तरीसुद्धा माणसे बरी होतात, हे मी नाकारीत नाही. ती का बरी होतात, हाच तर प्रश्न आहे. पाण्यातून आलेली कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. (गर्भवती स्त्रीला ई विषाणूची कावीळ झाली तर मात्र ती जिवावर बेतू शकते, तिने माळेची वाट पाहत बसू नये.) प्रौढ माणसाला बी विषाणूची लागण झाली, तरी शंभरातील पंचाण्णवांच्या शरीरातून तो सहा महिन्यांत निघून जातो. म्हणजे वैदू काहीही न करता शंभरातील नव्वदाहून अधिक यश मिळवतो! इतके यश कोणत्या सर्जनला मिळते? त्याची कीर्ती वाढते ती खोटेपणामुळे नव्हे. शरीर आपले काम मुकाट्याने करते आणि श्रेय माळेला जाते, म्हणून. असो. हळद बंद करणे, तेल बंद करणे आणि उसाचा रस पाजणे हे तर सर्वमान्यच आहे. रसवंतीतला बर्फ कोणत्या पाण्याचा, हे मात्र कोणी विचारीत नाही.

आता मुद्द्याकडे येते. हिपॅटायटिस बी ची खरी भीती डोळे पिवळे होणाऱ्यांत नाही. डोळे पांढरे राहणाऱ्यांत आहे. ज्याच्या शरीरातून हा विषाणू जात नाही, त्याला बहुधा काहीच होत नाही. तो शेतात राबतो, वखर हाणतो, कापूस वेचतो, लग्न करतो, लेकरे होतात. वीस-पंचवीस-तीस वर्षे अशी जातात. मग एक दिवस पोटात पाणी होते, पाय सुजतात, रक्ताची उलटी होते, किंवा यकृतात गाठ सापडते. रक्ताच्या तपासणीत दोष निघालेला एक गृहस्थ मला म्हणाला होता, “मले कायची कावीळ? माहे डोये पाहा न, पांढरेफट हायेत.” त्याचे काही चुकले नव्हते. त्याच्या भाषेत त्या रोगाला शब्दच नव्हता. जो शब्द होता तो पिवळ्या रंगाचा होता, आणि अंगावर पिवळे काहीच नव्हते.

हा विषाणू इतका चिवट का, हे समजून घेण्यासारखे आहे. तो दोन ठिकाणी टिकतो. एक, शरीराबाहेर. रक्ताचा वाळलेला ठिपका, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो, किमान सात दिवस लागण करू शकतो. एड्सचा विषाणू बाहेरच्या हवेत लवकर दुबळा होतो. हा तसा नाही. एड्सला आपण सारे घाबरतो, म्हणून तुलना देते. दूषित सुई टोचली गेली तर एड्सची लागण होण्याचा संभव हजारात तीन इतका असतो. बी विषाणूचा, लस न घेतलेल्या माणसाच्या बाबतीत, शंभरात तीसपर्यंत जातो.

दुसरे ठिकाण शरीराच्या आतले. यकृताच्या पेशीत शिरल्यावर हा विषाणू तिच्या केंद्रकात आपल्या जनुकांची एक वाटोळी, बंद प्रत ठेवून देतो. पाटलाच्या वाड्यात बनावट दस्तऐवज लपवून ठेवावा तसे हे आहे. बाहेरचे शिपाई पकडले गेले, तरी दस्तऐवज आत असेपर्यंत नवे शिपाई निघतच राहतात. आजची औषधे, म्हणजे टेनोफोविर आणि एन्टेकॅविर, विषाणूची वाढ उत्तम रीतीने दाबून ठेवतात, यकृत वाचवतात. पण तो लपलेला दस्तऐवज त्यांना सहसा नष्ट करता येत नाही. म्हणून गोळ्या पुष्कळदा वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. आणखी एक विलक्षण गोष्ट म्हणजे विषाणू स्वतः यकृताची पेशी मारीत नाही. शरीराची संरक्षक फौज त्याला हुडकण्यासाठी आपल्याच पेशींवर तुटून पडते. नासधूस होते ती त्या लढाईत. तान्ह्या बाळाच्या फौजेला हा शत्रू परका वाटतच नाही. ती लढत नाही, आणि विषाणू कायमचा राहतो. म्हणूनच जन्माच्या वेळी लागण झालेल्या शंभर बाळांपैकी नव्वदांच्या शरीरात तो ठाण मांडतो, तर मोठेपणी लागण झालेल्या शंभरांपैकी जेमतेम पाचांच्या. या दोन आकड्यांत या रोगाचे सारे राजकारण आहे, असे मला वाटते. पुढे त्यावर येतेच.

पडद्यामागे राहणाऱ्या या रोगाचे सर्वांच्या माहितीतले उदाहरण पडद्यावरचेच आहे. २६ जुलै १९८२ रोजी बंगलोरला ‘कुली’ चित्रपटाच्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांना पोटात जबर मार लागला. पुढे मुंबईला ते मरणाच्या दारातून परत आले, ही हकीकत आपल्या आईवडिलांच्या पिढीला तोंडपाठ आहे. त्या धावपळीत त्यांना सुमारे दोनशे दात्यांचे रक्त देण्यात आले आणि त्यांतील एकाच्या रक्तात बी विषाणू होता, असे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. अठरा वर्षे काही कळले नाही. कळले तेव्हा, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, यकृताचा पंचाहत्तर टक्के भाग निकामी झालेला होता. त्या अठरा वर्षांत त्यांनी किती चित्रपट केले, किती मारामाऱ्या केल्या, निवडणूक लढवून अलाहाबादचे खासदारही झाले! मुंबईत उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या माणसाला जे अठरा वर्षे कळले नाही, ते झरी-जामणीच्या पोडावरील कोलाम माणसाला कसे कळावे? २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना या रोगाविषयीच्या प्रचारासाठी सदिच्छादूत नेमले, ते उगीच नव्हे.

त्याच संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख माणसांच्या शरीरात हा विषाणू होता. म्हणजे ढोबळ मानाने शंभरात दोघे. आपल्या महाविद्यालयाच्या पटावर आठशे विद्यार्थी धरले, तर सोळा जण. हा हिशेब कच्चा आहे, तरुणांत प्रमाण कमीही असेल, हे मला मान्य आहे. परंतु सोळा नसतील, आठ असतील. आठजण आपल्याबरोबर बाकावर बसतात, एवढेच मला म्हणायचे आहे.

माझी एक मैत्रीण अशांपैकी एक निघाली. तिचे नाव, गाव आणि महाविद्यालय सांगणार नाही. महाविद्यालयाच्या रक्तदान शिबिरात तिने मोठ्या हौसेने रक्त दिले. दात्याचे रक्त एचआयव्ही, बी आणि सी कावीळ, गरमी आणि मलेरिया यांसाठी तपासले जाते. काही दिवसांनी तिला बोलावणे आले. तिने ही गोष्ट खोलीतल्या सोबतिणीला विश्वासाने सांगितली. आठवड्याच्या आत साऱ्या वसतिगृहाला कळले. तिचे ताट वेगळे झाले, पेला वेगळा झाला, बादली वेगळी झाली. पोळी वरून टाकली जाऊ लागली. पाण्याच्या माठाला तिने हात लावला तर माठ विसळून पुन्हा भरत. एके दिवशी ती सामान घेऊन गावी निघून गेली. परीक्षेपुरती आली आणि पेपर देऊन परत गेली. घरी तिच्या लग्नाचे बोलणे चालले होते, तेही थांबले.

ही वागणूक निर्दय होती, हे तर झालेच. पण ती शास्त्राच्या दृष्टीने साफ निरर्थक होती, हे मला अधिक ठासून सांगायचे आहे. हा विषाणू ताटातून, पेल्यातून, माठातून, शेजारी बसल्याने, हात हातात घेतल्याने, खोकल्याने किंवा एका संडासात गेल्याने पसरत नाही. अशा आईने बाळाला अंगावर पाजले तरी पसरत नाही. तिचे ताट वेगळे करणाऱ्या त्याच मुली त्याच खोलीत एकच ब्लेड आळीपाळीने वापरीत होत्या, एकच नेलकटर सगळ्यांत फिरत होते. घाई असली तर कोणाचाही टूथब्रश चालत होता. यात्रेत जाऊन एकाच सुईने चौघींनी हातावर नावे गोंदून घेतली होती. भीती होती, पण ती चुकीच्या दाराशी पहारा देत होती. आणि खरे दार सताड उघडे होते. त्या वेगळ्या ताटात मला रोगाची भीती कमी आणि आपल्या जुन्या विटाळाच्या कल्पनेचे रूप जास्त दिसले. विटाळही पाण्याला आणि ताटालाच लागत असे.

खऱ्या दाराविषयी थोडे विस्ताराने लिहिते. माझा भाऊ ज्या केशकर्तनालयात दाढी करतो तेथे आता प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी पत्ती घालतात, ही चांगली गोष्ट आहे. पण दाढी झाल्यावर तुरटीचा खडा मात्र सकाळपासूनचा एकच असतो. तो प्रत्येकाच्या गालावर फिरतो आणि जेथे कापले असेल तेथे मुद्दाम दाबून धरतात! कारागिराला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. त्याला कोणी सांगितलेच नाही, आणि गिऱ्हाइकही ‘थोडी तुरटी लावा’ म्हणून स्वतःच मागते. तुरटीचे पाणी फवारले किंवा चुरा करून टाकला, तर एका पैशाचा खर्च वाढत नाही.

वणीची रंगनाथस्वामींची यात्रा, घाटंजीची मारोली महाराजांची यात्रा, आर्णीचा बाबा कंबलपोषांचा उरूस; या आपल्या जिल्ह्याच्या आनंदाच्या जागा आहेत. यात्रा म्हटली की गोंदणारे आले, नाक-कान टोचणारे आले. पूर्वी गोंदण आदिवासी आणि बंजारा स्त्रियांचे लेणे होते, आता ती तरुण मुलांची हौस झाली आहे. यंत्र नवे, पण सुई आणि शाईची वाटी तीच. माझ्या आजीच्या हातावरचे गोंदण मला अतिशय आवडते. गोंदू नका असे मी म्हणत नाही. आपल्यासमोर नवी सुई फोडायला सांगा आणि शाई नव्या वाटीत घ्यायला सांगा, एवढे म्हणते.

आणि सुईचे वेड! आपल्याकडे गोळी दिली तर डॉक्टरने काहीच दिले नाही असे समजतात. “एक सुई टोचून द्या न साहेब,” हे वाक्य मी दवाखान्याच्या बाकावर बसून किती वेळा ऐकले असेल! अशक्तपणा वाटला की सलाईन, ताप आला की सुई, फवारणी करून चक्कर आली तरी सुई. नव्वद टक्के वेळा गोळीने भागण्यासारखे असते, असे आमच्या ओळखीचे एक डॉक्टर सांगतात. पण गोळी देणाऱ्याचा दवाखाना चालत नाही. या वेडाची किंमत काय असते, ते गुजरातेतील मोडासा गावाने २००९ साली पाहिले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्या आणि बी विषाणूच्या काविळीने त्या भागात नव्वदच्या आसपास माणसे दगावली. फेकून दिलेल्या सिरिंज गोळा करून, नव्यासारख्या करून पुन्हा विकण्याचा धंदाच तेथे उघडकीस आला. सुई घ्यायचीच असेल तर पुडके डोळ्यांसमोर फोडलेले पाहावे आणि वापरलेली सुई डोळ्यांसमोर मोडलेली पाहावी. यात डॉक्टरांचा अपमान होतो असे कोणी समजू नये. भाजी घेताना आपण वांगे उलटसुलट करून पाहतोच की.

असुरक्षित शरीरसंबंधातूनही हा रोग पसरतो. वार्षिकांकात हे वाक्य छापावे की नाही, असा प्रश्न संपादकांना पडू नये म्हणून एवढेच लिहून पुढे जाते. पण लिहिल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे झाले नसते.

या विषाणूचा शोध कसा लागला, हे आपल्या मानव्यविद्येच्या मित्रांना आवडेल. अमेरिकेचे बारूक ब्लुमबर्ग काविळीवर संशोधन करीतच नव्हते. निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तात काय फरक असतो, कोणाला कोणता रोग अधिक का होतो, याचे त्यांना कुतूहल होते. म्हणून ते देशोदेशीचे रक्तनमुने जमवीत. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडले. १९६५ साली त्यांनी ते जाहीर केले आणि त्याचे नाव पडले ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’. पुढे कळले की हे तर बी विषाणूच्या अंगावरचे आवरण आहे. त्याच आवरणापासून लस झाली. १९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस, म्हणून तोच जागतिक हिपॅटायटिस दिन. आपल्याकडील तपासणीच्या कागदांवर ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ हे नाव पुढे कितीतरी वर्षे चालत राहिले, आणि हा रोग विलायतेहून आला असे समजणारी माणसे मी पाहिली आहेत.

लस होती, पण ती परवडणारी नव्हती. परदेशातून येणाऱ्या एका मात्रेला शेकडो रुपये पडत. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली आणि भाव झपाट्याने उतरले. नंतर पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ही लस करू लागली. त्या काळात गावोगावी मंडळांनी पैसे घेऊन लसीची शिबिरे भरवली, आणि ‘एड्सपेक्षा भयंकर’ अशी भित्तिपत्रके लावली. भीती दाखवून लस खपवू नका, असा आक्षेप जनआरोग्य चळवळीतल्या काही डॉक्टरांनी तेव्हा घेतला होता, आणि तो मला रास्त वाटतो. कारण त्या शिबिरांत रांगेत उभे होते ते पैसे देऊ शकणारे शहरातले प्रौढ. आणि लसीची खरी गरज होती ती आईच्या कुशीतल्या बाळाला.

मघाचे दोन आकडे आता आठवावेत. जन्मताना नव्वद, मोठेपणी पाच. म्हणून बाळाला पहिली मात्रा जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यावयाची असते. नंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पाच रोगांवरच्या एकत्रित लसीतून उरलेल्या मात्रा. आईच्या रक्तात विषाणू असेल तर बाळाला लसीबरोबरच तयार प्रतिपिंडांचे वेगळे इंजेक्शनही देतात. यातले काही अवघड नाही, आणि तरीही चोवीस तास चुकतात. बाळ रविवारी जन्मते, किंवा घरीच जन्मते, किंवा बाळाला इतक्यात सुई नको असे आजी म्हणते. लसीची कुपी दहा मात्रांची असते, एका बाळासाठी ती कशी फोडावी असा संकोच होतो. खरे तर फोडलेली कुपी नीट ठेवली तर चार आठवडे वापरता येते, असा सरकारचाच नियम आहे. ही लस उन्हापेक्षा गोठण्याने लवकर बिघडते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. बर्फाला चिकटलेली कुपी निकामी समजावी.

लस म्हटली की आपल्या जिल्ह्यात कोणी तरी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरीची आठवण काढतोच. ३१ जानेवारी २०२१ रोजी तेथे बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने सारी सुखरूप घरी आली आणि संबंधितांवर कारवाई झाली. ही घटना विसरू नये असेच मीही म्हणेन. पण तिचा अर्थ काय घ्यायचा? विहिरीत कोणी पडले म्हणून गाव पाणी पिणे सोडीत नाही, विहिरीला कठडा बांधते. बाळाच्या अंगाला सुई लागण्यापूर्वी कुपीवरचे नाव वाचून दाखवा, असे आईने म्हणावे आणि ते तिला म्हणता यावे, हा तो कठडा होय. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सात दिवस आपण रस्ते झाडतो आणि शोषखड्डे खणतो. त्यांतील एक दिवस तांड्यावर-पोडावर जाऊन गरोदर बायांना ‘चोवीस तास’ हे दोन शब्द सांगण्यात घालवला, तर मला ते अधिक मोलाचे वाटेल.

आता आपल्या स्वतःविषयी. सरकारी लसीकरणात ही लस २००२-०३ साली प्रयोगादाखल काही शहरांत व जिल्ह्यांत सुरू झाली. २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत वाढली आणि २०११ साली देशभर लागू झाली. कागदावर निघालेली योजना दिग्रस-उमरखेडच्या आडगावी पोहोचायला वेळ लागतो, तो निराळा. आपल्या तृतीय वर्षाच्या वर्गातील बहुतेक जण २००४-०५ च्या सुमारास जन्मलेले. म्हणजे आपल्या धाकट्या भावंडांना जे फुकट मिळाले, ते आपल्यापैकी बहुतेकांना मिळालेले नाही. मी माझ्या वर्गात विचारले. पोलिओचे थेंब घेतल्याचे सर्वांना ठाऊक होते. बी ची लस घेतली आहे असे खात्रीने सांगणारे दोघे निघाले. एकाचे वडील दवाखान्यात नोकरीला, दुसरीची आई परिचारिका.

प्रौढाला धोका कमी आहे, मग आता कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे. आपल्यातील कितीतरी मुली पदवीनंतर परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला जातात, आशा सेविका होतात. मुले रुग्णवाहिकेवर आणि प्रयोगशाळांत कामाला लागतात. सुई त्यांच्या हातात येणार आहे. बहुतेकींची लग्ने चार-पाच वर्षांत होतील आणि बाळंतपणे त्यानंतर. ज्या आईच्या रक्तात विषाणू नाही तिच्या बाळाला जन्मताना तिच्याकडून तो मिळणार नाही. ही लस पुढच्या पिढीच्या यकृताची आहे, आणि यकृताचा कर्करोग टाळणारीही आहे. तैवानने १९८४ पासून बाळांना ही लस दिली आणि पुढे तेथील मुलांतले यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण घटलेले दिसून आले.

म्हणून प्राचार्य आणि जिमखाना समितीपुढे माझी मागणी आहे. महाविद्यालयाने लसीचे शिबिर घ्यावे. ज्याला रक्त तपासून घ्यायचे असेल त्याने ते शासकीय रुग्णालयात घ्यावे. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तपासणी आणि औषधे तेथे मोफत आहेत. तपासणीचा निकाल महाविद्यालयाच्या कार्यालयात येता कामा नये, वसतिगृहात तर नाहीच. तो ज्याचा त्याच्याच हाती पडावा. दोष निघाला म्हणजे आयुष्य संपले असे नसते. सर्वांनाच गोळ्या लागत नाहीत; नियमाने तपासणी करावी लागते आणि दारूपासून कायम दूर राहावे लागते. लग्नही होऊ शकते, जोडीदाराने लस घेतली म्हणजे झाले. माझ्या मैत्रिणीला हे सांगणारा कोणी भेटला असता तर ती आज आमच्याबरोबर वर्गात असती.

लसीच्या मात्रा तीन: पहिली, एका महिन्याने दुसरी आणि पहिलीपासून सहा महिन्यांनी तिसरी. आपल्या शैक्षणिक वर्षात हे वेळापत्रक चांगले बसते. पहिली २८ जुलैला, प्रवेशाची गर्दी संपलेली असते तेव्हा. दुसरी २८ ऑगस्टला, पोळ्याच्या आगेमागे. तिसरी २८ जानेवारीला, प्रजासत्ताक दिनाची परेड आटोपून दोन दिवसांनी. त्या आठवड्यात स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असतात आणि एरवी तासाला न येणारेही झाडून हजर असतात.